तार, डबा आणि भरती

मागच्या दिवाळीत मामाचा उजवा खांदा गेला. पडला नाही, कुठे आपटला नाही. पंचेचाळीस वर्षं वल्हं मारून झिजला, एवढंच. डॉक्टर म्हणाले, आता वल्हं बंद. मामा ‘हो’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं वल्हं मारत खाडीत गेला.

मामाचं घर काल्हेरला आहे, ठाणे आणि भिवंडीच्या मधल्या खाडीकाठी. नकाशात तिला उल्हास नदी म्हणतात, आमच्याकडे सगळे खाडीच म्हणतात. मामाची अठरा फुटी फायबरची होडी आहे. बोईट, कोळंबी, चिंबोरी आणि नशीब असेल त्या दिवशी एखादा जिताडा मिळतो. पूर्वी मासळी बाजारात जायची. आता काल्हेरला उंच इमारती उभ्या राहिल्यात, त्यांतल्या तीसचाळीस घरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मामीनं केलाय. होडी काठाला लागली की मामी फोटो टाकते आणि अर्ध्या तासात टोपली रिकामी होते.

भाऊबीजेला मामा आमच्याकडे कामतघरला आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, “तू इंजिनेर हायस ना? मंग सांग, होडीला कंची मोटर घेऊ? पेट्रोलची का विजेची?”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण मोटर उघडून पाहिली नव्हती. हे मामाला सांगितलं असतं तर त्यानं पुढची भाकरी माझ्या ताटात वाढली नसती. म्हणून म्हटलं, “बघतो.”

बघायला बसलो तेव्हा वाटलं होतं, दोनचार किमती आणि दोनचार व्हिडिओ बघून संध्याकाळपर्यंत उत्तर मिळेल. पण एकेक धागा ओढत गेलो आणि १८३८ सालापर्यंत पोचलो. पुढचं सगळं त्या प्रवासात सापडलेलं आहे. शेवटी एक चूकही आहे, ती माझी.

एका घोड्याची मोटर

कामतघरमध्ये मोठं झालेल्या मुलाला मोटर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या घराच्या मागच्या शेडमध्ये बाबांचे आठ लूम आहेत. प्रत्येक लूमला एक मोटर, साधारण एक हॉर्सपॉवरची. बाबा तिला ‘एक घोडा’ म्हणतात. शेजारच्या गल्लीत तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं आहेत, पलीकडे उत्तर प्रदेशातून आलेले कारीगर. भाषा वेगळ्या, पण खटखट सगळ्यांची एकच. लहानपणी रात्री अचानक जाग यायची ती आवाजानं नाही, आवाज थांबल्यामुळे. आवाज थांबला म्हणजे वीज गेली.

मोटर चालते ती तारेवर, हे आमच्या गावाला इतकं सवयीचं आहे की त्यात काही इतिहास असेल असं वाटत नाही. पण आहे. मुंबईच्या गिरण्या आधी वाफेवर चालायच्या. एक मोठं इंजिन, त्यातून निघालेला लांबच लांब दांडा, त्यावर पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला एक साचा. टाटांनी खोपोलीला पाण्यापासून वीज तयार केली आणि १९१५ पासून ती तारेनं गिरण्यांना मिळू लागली. पुढे हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली. मोटर छोटी झाली तसं यंत्र गिरणीच्या भिंतीबाहेर पडू शकलं. मागच्या अंगणात आठ लूम टाकून कारखाना काढता येतो, तो याच्यामुळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कापड विणायचं काम आणि गिरण्यांतले जुने साचे मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळले. बाबांचे पहिले दोन लूम त्याच लाटेत आलेले, सेकंडहँड.

मग तारेची दुसरी बाजू दिसली. २००५-०६ च्या लोडशेडिंगमध्ये तासन् तास शेड शांत असायची. २००७ साली भिवंडीचं वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीनं खासगी कंपनीकडे गेलं. देशात अशा पद्धतीचा तो पहिला मोठा प्रयोग होता. त्यावर गावात आजही दोन तट आहेत, तो वेगळा विषय. सांगायचं ते एवढंच, की बाबांच्या पिढीला विजेवर प्रेमही आहे आणि तिचा धसकाही आहे. मामाचा प्रश्न ऐकून बाबा ताटावरूनच म्हणाले, “तार नाही तिथं मोटर कसली? पेट्रोल घे.”

मला ते ऐकून जुनाट वाटलं. गाड्या विजेच्या झाल्या, रिक्षा विजेच्या झाल्या, होडी का नको?

वीज आधी आली होती

आपल्या डोक्यात क्रम असा असतो: आधी वल्हं, मग शीड, मग वाफ, मग डिझेल-पेट्रोल आणि आता नव्या जमान्यात वीज. होडीच्या मोटरच्या बाबतीत हा क्रम चुकीचा आहे.

१८३८ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला मोरित्स याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं नेवा नदीत विजेवर चालणारी होडी सोडली. आत डझनभर माणसं होती. त्या काळी वीज द्यायला ना वीजघर होतं, ना तार. धातूच्या पट्ट्या आणि आम्ल भरलेल्या बॅटऱ्यांचे ढीग होडीतच ठेवलेले होते. आपल्याकडे पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ साली आली. म्हणजे ठाण्याच्या खाडीवर रेल्वेचा धूर दिसायच्या पंधरा वर्षं आधी एक होडी विजेवर चालून झाली होती.

मला जास्त आवडला तो पॅरिसचा गुस्ताव्ह त्रूव्हे. हा माणूस बारीकसारीक विजेची यंत्रं बनवायचा. त्यानं एक छोटी मोटर आणि पंखा सुकाणूवरच बसवला. सगळं मिळून उचललं की घरी नेता येईल असं. आज आपण ज्याला आउटबोर्ड मोटर म्हणतो, तिची ही आजी. २६ मे १८८१ ला पाच मीटरची त्याची होडी सेन नदीत उतरली. तिच्या वेगाची नोंद आहे: प्रवाहाच्या विरुद्ध ताशी ३.६ किलोमीटर, प्रवाहाबरोबर ताशी ९ किलोमीटर.

हे दोन आकडे मी वाचले, वहीत उतरवले आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

त्यानंतर दहाबारा वर्षं विजेच्या होड्यांची चलती होती. लंडनच्या थेम्स नदीत श्रीमंत लोक विजेच्या होड्यांतून फिरायचे आणि त्यांच्यासाठी नदीत तरंगती चार्जिंग स्टेशनं होती. हे १८९० च्या आसपासचं! मग आलं १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन. ते आपल्याला माहीत आहे ते विवेकानंदांमुळे, कारण ती सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती. त्याच प्रदर्शनातल्या तळ्यांमध्ये पन्नासहून जास्त विजेच्या होड्या लोकांना फिरवत होत्या. दहा लाखांहून जास्त प्रवासी त्यांत बसले. दिवसा फेऱ्या, रात्री काठाला लावून चार्जिंग.

आणि त्याच प्रदर्शनात निकोला टेस्लाची इंडक्शन मोटर मांडलेली होती. बाबांच्या लूमखाली फिरते ती याच मोटरची पणती. म्हणजे आमच्या शेडमधली मोटर आणि मामाला हवी असलेली मोटर यांचे पूर्वज एकाच जत्रेत भेटले होते. पुढे एकीनं जग जिंकलं आणि दुसरी शंभर वर्षं अडगळीत गेली. असं का झालं?

जिंकली ती तारेला बांधलेली होती. लूम जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यापर्यंत तार नेता येते. होडी हलते. तिच्यामागे तार नेता येत नाही, म्हणून वीज पाठीवर बांधून न्यावी लागते. ते ओझं होडीला झेपलं नाही.

डब्याची सद्दी

१९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीच्या ओले एव्हिन्रूडनं पेट्रोलची आउटबोर्ड मोटर विकायला काढली. दीड हॉर्सपॉवर, वजन सुमारे २८ किलो. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की एकदा तळ्याकाठच्या सहलीत त्याची होणारी बायको बेस हिला आइस्क्रीम हवं झालं, हा वल्हं मारत तळं ओलांडून गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं. गोष्ट किती खरी ते सोडा. बेसनं पुढे धंद्याचा हिशोब सांभाळला आणि जाहिरातही लिहिली, तिचा अर्थ होता: वल्हं मारू नका, फेकून द्या. मामाच्या खांद्याकडे बघून मला ती जाहिरात एकदम पटली.

पेट्रोलचं खरं बळ मोटरमध्ये नव्हतं. ती धूर सोडायची, किंचाळायची, दोरी ओढून ओढून हात दुखायचे. बळ होतं डब्यात. हा हिशोब मी करून पाहिला. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातली बहुतेक उष्णता म्हणून हवेत आणि पाण्यात घालवतं. पंख्यापर्यंत पोचते ती दीड युनिटच्या आसपास. तरीही एवढं काम करायला पूर्वीची शिशाची बॅटरी पन्नास-साठ किलोची लागली असती. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. वर, डबा संपला तर दुसरा डबा. बॅटरी संपली तर घरी जाऊन रात्रभर वाट बघा.

एव्हिन्रूड मूळचा नॉर्वेचा. आपल्याकडच्या मासेमारीत इंजिन रुजलं त्यातही नॉर्वेचा हात आहे, हा योगायोग मजेशीर आहे. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. तिथल्या पारंपरिक होड्या लाटांतून वाळूवर ओढायच्या बनावटीच्या, त्यांत इंजिन नीट बसेना. शेवटी नवीन होड्याच बांधाव्या लागल्या. आपल्याकडे मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर, सातपाटीसारख्या गावांत, होड्या मोठ्या आणि खोल तळाच्या होत्या. त्यांच्या पोटात डिझेल इंजिन बसवता आलं. सरकारी कर्ज, अनुदान आणि मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या यांच्या जोरावर स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शिडं उतरत गेली आणि इंजिनं चढत गेली. आजही डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायट्यांमार्फतच मिळतो. म्हणजे डबा नुसता बाजारात मिळत नव्हता, त्याच्यामागे एक पूर्ण व्यवस्था उभी राहिली: पंप, मेकॅनिक, सोसायटी, परतावा. गावातला कुठलाही पोरगा कार्ब्युरेटर साफ करू शकतो. तंत्र कसं जिंकतं, ते मला इथे कळलं. ते दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असावा लागतो.

तिथीची पाऊणपट

मग आता शंभर वर्षांनी काय बदललं? बॅटरी बदलली. १९९७ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी, अक्षय पाढी, जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह-फॉस्फेटच्या लिथियम बॅटरीवरचा निबंध प्रसिद्ध केला. गुडइनफना लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. आज त्या जातीची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी साधारण बारा किलोची असते आणि तिच्यात सव्वा युनिट वीज मावते. म्हणजे ढोबळमानानं एक बॅटरी बरोबर एक लिटर पेट्रोल. ती भरायला दहापंधरा रुपये, पेट्रोलला शंभराच्या वर.

केरळात वैक्कमला जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची ७५ प्रवाशांची फेरीबोट सूर्याच्या विजेवर चालते. ते वाचल्यावर माझं ठरलंच. मी एक स्प्रेडशीट केली. होडीचं वजन, वेग, अंतर, बॅटरी. मामाचं जाळं चार किलोमीटरवर. ताशी पाच किलोमीटरनं जाऊन-येऊन दीड-पावणेदोन तास, त्याला लागणार साधारण एक युनिट. बॅटरीत सव्वा. उत्तर हिरव्या रंगात आलं. मोटर आणि बॅटरी मीच मागवली, दिवाळीचा बोनस होता. दुसऱ्याच दिवशी आली. येणारच, काल्हेरच्या रस्त्यालाच तर ती सगळी गोदामं आहेत. मोटर मामाच्या घरापासून दोनतीन किलोमीटरवरच पडून होती.

ती बसवताना मामा सहज म्हणाला, “तिथी बघून जाऊ.”

मामाचा हिशोब असा आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. पौर्णिमा किंवा अमावास्येला बारा वाजता पूर्ण भरती, प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे झालं समुद्रकाठचं. काल्हेरपर्यंत पाणी यायला आणखी दीड तास धरायचा. कागद नाही, अ‍ॅप नाही. कोकण किनाऱ्यावर हा हिशोब किती पिढ्या चालत आलाय कुणास ठाऊक. चंद्र रोज पाऊण तासापेक्षा थोडा जास्तच मागे पडतो, त्यामुळे उत्तर थोडंफार चुकतं. पण होडीला तेवढं पुरतं.

या खाडीतली जुनी वाहतूक अशाच हिशोबानं चालायची. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजं याच परिसरात बांधायला घेतली गेली, ती इथल्या खाड्यांना भरतीचं पाणी होतं म्हणूनच. त्याच्याही कितीतरी आधीपासून कल्याण हे बंदर होतं. या सगळ्या काळात पाण्याविरुद्ध जायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं. ओहोटीबरोबर खाली जायचं, भरतीबरोबर वर यायचं. वल्हं फक्त होडीचं तोंड सरळ ठेवायला.

हे तेव्हा मी एका कानानं ऐकलं. माझ्या डोक्यात पाणी म्हणजे कामतघरचा वऱ्हाळा तलाव. लहानपणापासून तेच पाणी बघितलंय. ते कुठे जात नाही. देवीच्या देवळाच्या पायरीवर बसून सोडलेलं पान तासाभरानं तिथंच असतं. माझ्या स्प्रेडशीटमधलं पाणी तलावाचं होतं.

वद्य तृतीया

जानेवारीतली पौष वद्य तृतीया. थंडी होती. सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. ओहोटी जोरात होती, अर्ध्या तासात जाळ्यापाशी पोचलो. मोटरचा आवाज इतका कमी की पाण्याखालून काहीतरी गुणगुणतंय असं वाटावं. मामानं एकदा माझ्याकडे बघून मान हलवली. त्या क्षणी मला डिग्री मिळाल्यासारखं वाटलं.

जाळं झाडून आठ वाजले. कोळंबी बरी होती. मामा जाळं नीट लावत बसला. मी घड्याळ बघत होतो. साडेनऊला ऑफिसची मीटिंग होती, त्या दिवशी माझंच काम दाखवायचं होतं.

“मामा, निघूया.”

“आत्ता? पानी अजून उतरतंय. दहाला वलेल.”

“मोटर आहे ना!”

मामा काही बोलला नाही. सुटलो. मी मोटर फुल्ल केली. होडीचं नाक पाणी कापत होतं, वेग मस्त वाटत होता. मग काठाकडे लक्ष गेलं. एक तिवराचं झाड होतं, ते बराच वेळ आमच्या शेजारीच होतं. पाण्यातून आम्ही ताशी पाच-साडेपाचनं चाललो होतो, पण पाणी आम्हाला ताशी अडीच-तीननं मागे ओढत होतं. त्रूव्हेच्या वहीतले ते दोन आकडे, ३.६ आणि ९, तेव्हा मला आठवले. तीच मोटर, तीच होडी आणि फरक अडीचपट. तो फरक नदीचा होता.

आणि एक गोष्ट मला कॉलेजात शिकवलेली होती, पण ती हाताला कधी लागली नव्हती. होडीचा वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट पुरत नाही, ढोबळमानानं आठपट लागते. जोर लावून पाण्याला हरवायला गेलं की बॅटरी वितळते. नऊ वाजून दहा मिनिटांनी मोटर गप्प झाली. पेट्रोलचं इंजिन बंद पडताना खोकतं तरी. लिथियम बॅटरी आतल्या सर्किटनं तुटते, एकदम. शेडमध्ये वीज गेल्यावर जसं व्हायचं तसं. आवाज थांबला आणि मला जाग आली.

घर सातशे मीटरवर होतं. होडी मागे जायला लागली. मामानं डाव्या हातानं वल्हं घेतलं, दोन हातांत होडी तिवराला लावली आणि दोरी टाकली. मी वल्हं मागितलं तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे. आत्ता मारशील तं तुजा बी खांदा जाईल.”

मी फोन काढला. रेंजची एक रेघ होती. मीटिंगच्या ग्रुपवर लिहिलं: अडकलोय. कुठे, ते लिहिलं नाही. मला भीती वाटत होती, राग येत होता, लाज वाटत होती. मामानं डब्यातली भाकरी काढली.

“मामा, पेट्रोलची घ्यायला हवी होती.”

“पेट्रोलची असती तं पोचलो असतो,” मामा म्हणाला. मग भाकरीचा तुकडा माझ्याकडे करत म्हणाला, “पन घाई कोनाला हुती?”

दहाच्या सुमाराला पाणी उभं राहिलं. खाडी काही मिनिटं अगदी वऱ्हाळा तलावासारखी झाली. मग आमच्या शेजारून वाहणारी एक प्लास्टिकची पिशवी थांबली, वळली आणि घराच्या दिशेनं निघाली. मामानं दोरी सोडली. मी वल्हं नुसतं धरून बसलो होतो. वीस मिनिटांत घरी पोचलो.

मग कुठली मोटर?

त्या रात्री मी स्प्रेडशीटमध्ये पाण्याच्या वेगाचा एक रकाना घातला. दोन्ही वेळा पाण्याबरोबर गेलं तर चार-चार किलोमीटरला मिळून तासभर मोटर लागते. दोन्ही वेळा विरुद्ध गेलं तर चार तास. तीच बॅटरी एका हिशोबात अर्धी उरते, दुसऱ्या हिशोबात अर्ध्या वाटेत संपते. पेट्रोलच्या इंजिनाला हा प्रश्न पडत नाही. ते पाण्याला विचारत नाही, आणि त्याबद्दल डब्यातून पैसे देतं.

तेव्हा मला वाटलं की डब्यानं होडीवाल्याला नुसता वेग दिला नाही, घड्याळ बदलून दिलं. मासळी बाजार सकाळी सहाला भरतो. भरती मात्र रोज पाऊण तास पुढे सरकते. शिडाच्या आणि वल्ह्याच्या काळात होडी भरतीच्या घड्याळावर चालायची आणि बाजार गाठायचा तर पंधरवड्यातले काही दिवस हुकायचेच. इंजिनानं होडी बाजाराच्या घड्याळाला बांधली. ज्यांना लांब जायचंय, ठरलेल्या वेळी धक्क्याला लागायचंय, त्यांना हे स्वातंत्र्य हवंच होतं. त्यात त्यांचं काही चुकलं असं एसीत बसून म्हणायचा मला अधिकार नाही. मामाच्या शेजारचा पोरगा पार घोडबंदरच्या पुढे जातो. त्यानं यंदा पेट्रोलची आउटबोर्ड घेतली, लाखाच्या घरात. त्याचा हिशोब बरोबर आहे. पावसात खाडी फुगते, वरून जलपर्णीचे गालिचे वाहत येतात, तेव्हा माझी एक घोड्याची मोटर काही कामाची नाही.

पण मामाचं घड्याळ आता वेगळं आहे. त्याला बाजार गाठायचा नाही. होडी दहाला लागली तर मामी दहाला फोटो टाकते, बाराला लागली तर बाराला. गिऱ्हाईक खालीच आहे. मामाला वेग नको होता, खांद्याला सुट्टी हवी होती. हे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर स्प्रेडशीट लागली नसती. मी विचारलं होतं ते हॉर्सपॉवर किती आणि किलोमीटर किती.

मी म्हटलं, मोटर परत देऊन टाकतो, पेट्रोलची बघू. मामा म्हणाला, नको. मग दुसरी बॅटरी घेऊ म्हटलं, बारा किलोच तर आहे. त्यालाही नको म्हणाला. “दुसरी असली की तू परत घाई करशील.” वल्हं मात्र त्यानं होडीतून काढलं नाही. पावसाळ्यात १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, वल्ह्याच्या होड्यांना नसते, असं त्यानं मला ऐकवलं. मी म्हटलं, तुझा खांदा? तो हसला.

बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते लूमजवळ कांडी बदलत होते. “सांगितलं होतं, तार नाही तिथं...” एवढं म्हणून थांबले. मग विचारलं, “बॅटरी चार्ज कुठं करतो तो?”

“स्वयंपाकघरात. मिक्सरच्या प्लगला.”

“म्हणजे तार आहे की,” बाबा म्हणाले आणि लूम चालू केला.

बॅटरी मामाच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली असते. रात्री मामी मिक्सर काढते आणि ती लावते. वर भिंतीला कालनिर्णय टांगलेलं आहे. ते आधीपासूनच होतं. आता तिथीच्या खाली मामीनं पेन्सिलनं वेळा लिहायला सुरुवात केली आहे. परवा गेलो होतो तेव्हा एका शनिवारच्या चौकटीत माझं नाव दिसलं. शेजारी वेळ लिहिली होती, निघायची आणि परत यायची. मधे साडेतीन तास होते. त्या दिवशी मीटिंग नाही, हे मामीनं आईला फोन करून आधी विचारून घेतलं होतं.